माणसाचं मन अनंत लूपमध्ये अडकतं का?

प्रश्न हिंजवडीत काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा: प्रोग्राममध्ये बाहेर पडायची अट चुकली की कॉम्प्युटर त्याच त्या ओळी फिरवत बसतो आणि हँग होतो. माणसाच्या मनाचं असं होऊ शकतं का? होत नसेल तर का नाही? आणि होत असेल तर त्याला थांबवतं कोण? शेवटी त्यानं एक ओळ जोडली आहे, ‘रात्री अंथरुणावर पडलं की माझ्याच डोक्यात एखादी गोष्ट तासन्‌तास फिरत राहते, म्हणून विचारतोय.’ ही ओळ मला बाकीच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटते, त्यामुळे उत्तर दोन्हींचं देतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पुण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतो. पुढे ज्या पेशंटबद्दल लिहिलं आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कॉम्प्युटरच्या अर्थानं अनंत लूप निरोगी मनात चालू शकत नाही, असं माझं मत आहे. त्यासाठी तंतोतंत तीच अवस्था परत यावी लागते. मेंदू एका विचारातून गेला की थोडा बदलूनच बाहेर येतो, प्रत्येक फेरी मागे काहीतरी ठेवून जाते. गंमत वाटेल, पण आपल्याला वाचवणारा हाच गुण मनाच्या आजारात उलटतो. कॉम्प्युटरचा लूप लाखाव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकाच असतो. मनातला लूप फेरीगणिक घट्ट होत जातो आणि बाहेरची वाट अरुंद करत जातो. हे कसं होतं ते कळलं की उपचार असे उलट्या दिशेचे का वाटतात तेही कळतं.

आधी कॉम्प्युटरची बाजू नीट पाहू. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञानं १९३६ मध्ये दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्राम आणि त्याचं इनपुट हातात दिल्यावर तो कधी ना कधी थांबेल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. ही सिद्धता अमर्याद मेमरी असलेल्या काल्पनिक यंत्राबद्दल आहे. तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपची मेमरी मर्यादित आहे, म्हणून त्याच्या अवस्थाही मर्यादित आहेत, मग तो आकडा कितीही प्रचंड असो. बाहेरून काहीच आलं नाही तर असं यंत्र एक तर थांबतं, नाही तर आधी येऊन गेलेल्या एखाद्या अवस्थेत हुबेहूब परत येतं. एकदा परत आलं की पुढचं सगळं ठरलेलं, कारण ‘मी इथे आधी येऊन गेलोय’ ही नोंदसुद्धा अवस्थेचाच भाग असते आणि ती नोंद तिथे नाही.

शिवाय न संपणारा लूप हा मुळात दोष नाहीच. तुमच्या कंपनीतले सर्व्हर मुद्दाम लिहिलेल्या अशाच लूपमध्ये बसलेले असतात, विनंती आली की काम करतात आणि पुन्हा वाट बघतात. शरीरातही असे लूप आहेत. मेंदूच्या देठात प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा पेशींचा एक लहानसा गट श्वासाची लय धरतो. १९९१ मध्ये तो ओळखला गेला. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० श्वास, झोपेतसुद्धा, मरेपर्यंत. तो चालू असताना आपण बोलतो, गातो, पाण्याखाली श्वास रोखतो, जिना चढलो की तो आपोआप वेग वाढवतो. म्हणजे लूप चालू राहूनही बाहेरचं ऐकत असेल तर काही बिघडलेलं नसतं. तो ऐकेनासा झाला की आजार सुरू होतो.

निरोगी मेंदू ऐकेनासा होऊ नये याची सोय अगदी खालच्या पातळीपासून आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीनं संदेश सोडला की एक-दोन मिलिसेकंद तिला दुसरा सोडताच येत नाही. तीच जोडणी भराभर वापरली तर तिथला रसायनांचा साठा उतरतो आणि संदेश मंदावतो. तोच आवाज येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. कर्वे रोडला लागून घर असलेल्या माणसाला रात्रीच्या हॉर्नची जाणीवही होत नाही. आणि अचानक काही वेगळं घडलं, भांडं पडलं, कुणी नावानं हाक मारली, तर मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस हा भाग नॉरॲड्रेनलिन सोडतो आणि चाललेलं लक्ष तोडून तिकडे वळवतो. चाकण-पिंपरीत गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना वॉचडॉग टायमर माहीत असतो: ठरलेल्या वेळात प्रोग्रामनं ‘मी ठीक आहे’ असं कळवलं नाही की तो सगळी यंत्रणा रीस्टार्ट करतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या कॉम्प्युटरमध्ये कामांच्या प्राधान्यक्रमाचा घोळ झाला, तेव्हा ते वारंवार रीस्टार्ट होत राहिलं ते याच वॉचडॉगमुळे. मेंदूला रीस्टार्टचं बटण नाही, पण कंटाळा, भूक, झोप आणि लघवीची भावना हे त्याचे वॉचडॉग चोवीस तास जागे असतात.

म्हणूनच ‘हे वाक्य खोटं आहे’ असं वाक्य ऐकून कोणी हँग होत नाही. खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं ठरतं, अशा दोन-तीन फेऱ्या होतात आणि माणूस चहा टाकायला उठतो. यावरून काही जण म्हणतात की ट्युरिंगनं यंत्राला अशक्य ठरवलेलं काम माणूस सहज करतो. मला ते पटत नाही. हा लूप अनंत आहे अशी सिद्धता आपल्याला सापडत नाही, आपण फक्त वेळ बघून सोडून देतो, आणि कधी कधी सुटत आलेलं गणितसुद्धा असंच सोडून देतो.

पेशींच्या पातळीवर मात्र खराखुरा अडकलेला लूप दिसतो. त्याला आपण फिट किंवा आकडी म्हणतो. असंख्य पेशी एका तालात एकमेकींना चेतवत राहतात आणि बाकी कशालाच दाद देत नाहीत. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण त्या धुमश्चक्रीतच ॲडेनोसिनसारखी पेशींना शांत करणारी रसायनं साचत जातात. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला की आम्ही त्याला स्टेटस एपिलेप्टिकस धरतो आणि धावपळ सुरू करतो. त्या घाईचं कारण असं की मेंदूचा ब्रेक म्हणजे गाबा हे रसायन, आणि ते ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर) बसतं ते रिसेप्टर लांबलेल्या झटक्यात पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. मिडाझोलामसारखी झटका थांबवणारी औषधंही त्याच रिसेप्टरवर काम करतात. म्हणजे झटका जितका लांबेल तितका ब्रेक निकामी आणि औषधही तितकं कमी लागू. ओघात आलंच आहे तर सांगतो, कारण आजही हे रोज बघावं लागतं: फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा आणि पाच मिनिटं झाली की १०८ ला फोन करा.

पण मनाच्या पातळीवर, शुद्धीत असलेल्या, बोलणाऱ्या-चालणाऱ्या माणसात कॉम्प्युटरसारखा लूप? त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी एक अवस्था मी पाहिली आहे, आणि ती पाहिल्यावर स्मरणशक्ती कशासाठी असते हे मला नव्यानं कळलं. रेसिडेन्सीच्या काळात, थंडीच्या दिवसांत, पहाटे गार पाण्यात पोहून आलेल्या साठीतल्या एका प्राध्यापकांना त्यांच्या पत्नी कॅज्युअल्टीत घेऊन आल्या. बोलणं स्वच्छ, हातपाय व्यवस्थित, स्वतःचं नाव, मुलांची नावं, कॉलेज, सगळं बरोबर. पण:

‘अगं, आपण इथे का आलोय?’

‘तुम्हाला सकाळपासून काही लक्षात राहत नाहीये म्हणून.’

‘मला ॲटॅक वगैरे आला का?’

‘नाही हो. डॉक्टर बघतायत.’

हात शर्टाच्या खिशाकडे. ‘माझा चष्मा?’

‘माझ्या पर्समध्ये आहे.’

‘बरं.’ दोनेक मिनिटं शांत. मग, ‘अगं, आपण इथे का आलोय?’ तोच सूर, ‘ॲटॅक’वर तोच जोर, खिशाकडे जाणारा तोच हात. बाईंनी एकदा मुद्दाम वेगळं उत्तर दिलं तर पुढचं वाक्य बदललं, पण दोन मिनिटांनी गाडी पुन्हा पहिल्या प्रश्नावर. दुपारभर हे चाललं.

याला ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया म्हणतात. हिप्पोकॅम्पस हा नवीन आठवणी नोंदवणारा भाग काही तास काम करेनासा होतो, साधारण २४ तासांच्या आत माणूस पूर्ववत होतो, फक्त तेवढा दिवस कायमचा कोरा राहतो. गार पाण्यात उतरणं, खूप श्रम, मोठा मानसिक धक्का ही त्याची परिचित निमित्तं. (अचानक विस्मरण झालं तर घरी थांबू नका, पक्षाघात आणि इतर कारणं नाहीत याची खात्री हॉस्पिटलमध्येच होते.) इथे नेमकं तेच घडतं जे बंदिस्त यंत्रात घडतं: नोंद होत नाही, म्हणून अवस्था दर दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखी होते, आणि सारख्या अवस्थेत सारखाच प्रश्न उगवतो. संध्याकाळी प्राध्यापक मध्येच थांबले आणि पत्नीला म्हणाले, ‘मी हे मघाशी विचारलं होतं का गं?’ स्कॅनच्या आधी, तपासणीच्या आधी, त्या एका वाक्यावरून आम्हाला कळलं की नोंद पुन्हा सुरू झाली आहे. क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतकाराच्या वाट्याला ही सुटका आली नाही. १९८५ मध्ये हर्पीसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर होऊन त्यांचा हिप्पोकॅम्पस कायमचा गेला, आणि त्यांच्या डायरीत आपण आत्ता पहिल्यांदाच जागे झालो आहोत अशा अर्थाच्या नोंदी, आधीच्या खोडून, पानोपानी आहेत.

तेव्हा आठवण शाबूत असेल तर मन कोऱ्या लूपमध्ये जाऊ शकत नाही. मग ओसीडीत, ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, काय होतं? त्या माणसाची आठवण तर उत्तम असते. आपण हे आधी केलंय, दहादा केलंय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

सिंहगड रोडला राहणारी, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करणारी एक मुलगी माझ्याकडे आली, कारण ऑफिसची कॅब रोज चुकत होती. निघताना गॅस बघायचा. नॉब आडवा आहे ना, रेग्युलेटर बंद आहे ना. दार ओढायचं, लिफ्टपर्यंत जायचं, परत यायचं. नॉबला हात लावायचा, कारण नुसतं बघून भागत नाही. हात लावल्यावर वाटायचं, हात लावताना चुकून फिरला तर नसेल? मग तिनं तोडगा काढला, नॉबचा फोटो. मोबाईलची गॅलरी गॅसच्या नॉबच्या फोटोंनी भरली होती. काही दिवसांनी कॅबमध्ये बसून ती फोटो मोठा करून बघायची आणि मनात यायचं, हा आजचाच ना? तारीख-वेळ खाली दिसत असायची. तरी. मग घरी आईला फोन.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ह्या लूपची बाहेर पडायची अट आहे ‘पूर्ण खात्री वाटली की’. आणि लूपच्या आत जे घडतं तेच ही अट आणखी लांब ढकलतं. हे नुसतं माझं निरीक्षण नाही. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये निरोगी लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवून ती पुन्हा पुन्हा तपासायला लावली. दुसऱ्या गटाला तसेच दिवे तपासायला दिले. शेवटी सगळ्यांना शेगडीबद्दल विचारलं. शेगडी वारंवार तपासणाऱ्यांची आठवण बरोबरच होती, पण तिचा ठसठशीतपणा गेला होता आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा घटला होता. तपासल्यानं आठवण बिघडत नाही, आठवणीवरचा विश्वास बिघडतो. कृती इतकी सवयीची होते की ‘आत्ता केली’ आणि ‘मघाशी केली’ यांतला फरक पुसट होतो. खात्री मिळवायला माणूस आणखी एकदा जातो आणि खात्री आणखी एक पाऊल मागे सरकते.

मेंदूतही याचं स्थान बऱ्यापैकी ठाऊक आहे. डोळ्यांच्या वरचा पुढचा मेंदू, आत खोलवरचा कॉडेट, थॅलॅमस आणि परत पुढचा मेंदू असं एक मंडल आहे आणि ओसीडीत त्याची हालचाल वाढलेली दिसते. १९९२ मध्ये लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी काही पेशंटना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिलं, काहींवर फक्त वर्तनोपचार केले. ज्यांना गुण आला त्यांच्या उजव्या कॉडेटमधली वाढीव हालचाल दोन्ही गटांत कमी झाली. गोळी न घेता, नुसतं वेगळं वागून, मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसेल असा बदल होतो. पेशंटना मी हे नेहमी सांगतो, कारण ‘माझा मेंदूच असा’ म्हणून हात टेकलेल्या माणसाला याचा फार आधार वाटतो.

तो वर्तनोपचार म्हणजे व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून वाढलेला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण नेहमीची तपासणी करायची नाही). त्याचं सार असं की अट पूर्ण न होताच लूपमधून बाहेर पडायचं. ह्या मुलीसोबत आधी सोप्या गोष्टी घेतल्या, खोलीतला पंखा, मग इस्त्री, मग गॅस. एकदा बघायचं, कुलूप लावायचं, खाली जायचं, फोटो नाही, फोन नाही. पार्किंगमध्ये उभं राहून शून्य ते शंभर या मापात भीती किती ते वहीत लिहायचं आणि ती असतानाच कॅबमध्ये बसायचं. पहिल्या आठवड्यात ती वैतागून म्हणाली, ‘सर, पण खात्री कधी होणार?’ मी म्हटलं, होणार नाही, खात्रीशिवाय ऑफिसला पोचता येतं एवढंच शिकायचंय. चांगला इंजिनिअर इथे हमखास अडतो, कारण अट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही हेच त्यानं आयुष्यभर शिकलेलं असतं. सोबत गोळ्या होत्याच. ओसीडीत त्या डिप्रेशनपेक्षा बहुधा जास्त डोसमध्ये लागतात आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जाऊ शकतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणारे फार आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमची रात्रीची गोष्ट. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती मला ओसीडीपेक्षा रवंथ वाटते: तो मॅनेजर असं का बोलला, मी तेव्हा गप्प का बसलो, माझंच असं का होतं. भुंगा लागावा तसं ते लागतं. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी ह्या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोनच आठवडे आधी त्यांनी योगायोगानं विद्यार्थ्यांची अशी माहिती घेतलेली होती. ज्यांना आधीपासून उदासीत घोळत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त होती. रवंथ करणाऱ्याला वाटत असतं की आपण प्रश्न सोडवतोय. म्हणून तो थांबत नाही.

‘विचार करायचाच नाही’ हा हुकूम चालत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर तो येतच राहिला आणि बंदी उठल्यावर जास्तच आला. उपयोग होतो तो प्रश्नाची जात बदलण्याचा. ‘का’नं सुरू होणाऱ्या प्रश्नाला तळ नसतो. ‘उद्या अकरा वाजता त्याला काय विचारणार’ याला असतो. वही उशाशी ठेवा, पुढचं एक पाऊल आणि त्याची वेळ लिहा. अपूर्ण कामाची टोचणी काम पूर्ण न होताही, नुसता नेमका बेत ठरवल्यानं कमी होते, हे मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात दुसरं काही करा, डोळे मिटू लागले की परत या. अंथरुण आणि विचार यांची जोडी पक्की होऊ द्यायची नाही.

हे करूनही बहुतेक दिवशी तास-दीड तास जात असेल, दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कामावर किंवा जेवण-झोपेवर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट घरच्यांसाठी राहिली. त्या मुलीची आई दिवसातून कितीही वेळा फोन उचलून सांगायची, ‘बाळा, बंद आहे गं, आत्ताच बघितलाय.’ माया होती, पण लूपची एक फेरी आता आईच्या स्वयंपाकघरातून जात होती. आईला एकदम ‘उत्तर देऊ नका’ म्हणणं क्रूर ठरतं आणि टिकतही नाही. आम्ही तिघांनी बसून ठरवलं: पहिल्या आठवड्यात दिवसाला तीनच उत्तरं, मग एक, मग शून्य. शून्याच्या आठवड्यात फोन आला की आईनं म्हणायचं वाक्य मुलीनंच लिहून फ्रिजवर लावलं होतं: ‘हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. तू डबा खाल्लास का ते सांग.’